‘म्हणजे’च्या पुढचे शब्द

चार वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर निघायच्या गडबडीत मी माझ्या पतींकडे चष्मा मागितला आणि त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली. मी पुन्हा मागितला, तेव्हा ते जरा वैतागूनच म्हणाले, ‘‘अगं, किल्लीच तर दिली.’’ मी ‘चष्मा’ म्हणते आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माझ्या तोंडून दोन्ही वेळा ‘किल्ली’ हा शब्द बाहेर पडला होता, हे मला कितीतरी दिवसांनी कळले. तिसऱ्यांदा मागेपर्यंत उजव्या हातातली किल्ली निसटून खाली पडली, ती उचलायला मी वाकले आणि तिथेच बसले. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली होती. तरीही पहिला पाऊण तास आम्ही चक्कर असेल, रक्तदाब उतरला असेल असे म्हणत मला आडवे करून ठेवण्यात घालवला, आणि त्या पाऊण तासाची रुखरुख माझ्या पतींना आजही आहे.

रुग्णालयात त्यांना सगळ्यात आधी विचारले गेले, ते मी शेवटचे नीट कधी बोलले होते. त्या वेळी हा प्रश्न त्यांना अवांतर वाटला, पण पुढचे सारे उपचार त्या एका उत्तरावर अवलंबून होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही ना, हे पाहावे लागते, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. मला ते तिसऱ्या तासात मिळाले. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यामुळे हृदयातच गुठळी तयार झाली आणि ती डाव्या मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एका धमनीत जाऊन अडकली, त्यामुळे मला पक्षाघात झाला, असे निदान झाले. तेव्हापासून मी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. पायात पंधरा दिवसांत बळ आले, हात मागे राहिला आणि वाचा त्याहूनही मागे.

सुरुवातीचे दहा-बारा दिवस माझ्याकडे एकच शब्द शिल्लक होता, तो म्हणजे ‘म्हणजे’. पाणी हवे असले तरी ‘म्हणजे’, कूस बदलायची असली तरी ‘म्हणजे’, मुलगी रडू लागली की तिची समजूत काढायलाही ‘म्हणजे, म्हणजे’. आता काहीतरी खुलासा होणार असे समजून समोरचा माणूस पुढे झुकायचा आणि पुढे काहीच यायचे नाही. इतक्या शब्दांतून नेमका हाच कसा उरला, याचे मला नंतर हसू आले, त्या वेळी मात्र संताप यायचा. पुढे वाचनात आले की, 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने तपासलेला लेबोर्न्य नावाचा रुग्ण अनेक वर्षे ‘तँ’ एवढा एकच उच्चार करू शकत होता, आणि लोक त्याला त्याच नावाने ओळखू लागले होते. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकाने त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातल्या इजेचा संबंध बोलण्याशी जोडला. माझी इजाही त्याच परिसरातली. ‘तँ’च्या मानाने ‘म्हणजे’ हा तीन अक्षरी शब्द आहे, ही माझ्या मुलीने काढलेली समजूत.

एकच शब्द असण्यापेक्षाही अधिक त्रास झाला तो पुढच्या टप्प्यात, जेव्हा ‘हो’ आणि ‘नाही’ परत आले, पण उलटसुलट होऊन. लकवा मारलेला खांदा फार हळवा असतो. कूस बदलताना कोणी तो हात धरून ओढला की सांधा दुखावतो, आणि माझा तसा दुखावला होता. ‘‘दुखतंय का?’’ असे मला रोज विचारले जायचे आणि मी स्पष्ट आवाजात ‘नाही’ म्हणायचे. ‘हो’च म्हणायचे असे ठरवून तोंड उघडायचे, आणि ‘नाही’ बाहेर पडलेले ऐकू आले की पुन्हा तोंड उघडायचे, पण तोवर विचारणारी व्यक्ती पुढच्या खाटेपाशी पोहोचलेली असायची. सकाळी मागितलेल्या चष्म्याचे जे झाले तेच इथे होत होते. मी जे म्हटले ते पोहोचत होते, जे म्हणायचे होते ते नाही. दोन दिवसांनी कपडे बदलताना माझे तोंड वेडेवाकडे झालेले पतींनी पाहिले, तेव्हा खांद्याचे दुखणे उघडकीस आले. वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषाच हाताशी न येणे, झालेल्या माणसाचे ‘हो-नाही’ तपासून पाहिल्याशिवाय खरे धरू नये, ज्याचे उत्तर ठाऊक आहे असे दोन-तीन साधे प्रश्न आधी विचारून पाहावेत, ही गोष्ट कुणीतरी घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. बोटांनी दाखवायचे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन कागद उशाशी आले, तेव्हा माझा निम्मा संताप ओसरला.

वाचोपचारतज्ज्ञ बाई आल्या तिसऱ्या आठवड्यात. त्या माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, मला ‘काकू’ म्हणायच्या, आणि त्यांची पहिली गोष्ट मला आवडली ती ही की त्या मोठ्याने बोलत नसत. बाकी सगळे माझ्याशी ओरडून बोलत होते, जणू मला ऐकू येणे बंद झाले होते. त्यांनी दीड तास तपासणी केली: चित्रातल्या वस्तूंची नावे सांगायची, त्या म्हणतील ते तसेच म्हणायचे, सूचना ऐकून कृती करायची, वाचायचे, लिहायचे. मग त्यांनी मला आणि पतींना समोरासमोर बसवून सांगितले की जीभ आणि ओठ दुर्बळ झाल्यामुळे उच्चार अडखळणे वेगळे आणि भाषाच हाताशी न येणे वेगळे. काकूंना दुसरा प्रकार जास्त आहे, त्यांना बरेचसे समजते, स्वतःची चूकही समजते, आणि त्यांची बुद्धी शाबूत आहे. हे शेवटचे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारले. मला त्या क्षणापर्यंत स्वतःचीच खात्री नव्हती. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन यांची 1783 सालच्या जूनमध्ये एका रात्री वाचा गेली, तेव्हा त्यांनी अंथरुणातच मनाशी एक लॅटिन प्रार्थना पद्यात रचून पाहिली. ओळी काही फार चांगल्या उतरल्या नाहीत, पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळते आहे म्हणजे बुद्धी जागेवर आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मीही रुग्णालयात रात्री मनातल्या मनात तेरा ते एकोणीसचे पाढे म्हणून पाहत असे. सतरा आणि एकोणीस अर्ध्यात सुटायचे, पण ते मला आधीपासूनच कच्चे येत होते.

शब्द परत आणणारी खात्रीची गोळी आजतरी नाही. जे काही होते ते सरावाने, आणि तो सराव कंटाळवाणा असतो हे लपवण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दोन सत्रे आणि रोज घरी तासभर, असा आमचा क्रम होता. एका सत्रात माझ्यासमोर कात्रीचे चित्र ठेवले गेले. मला कात्री दिसत होती, तिने कापड कापतात हे ठाऊक होते, तिच्या दोन पात्यांचा आवाजही कानात येत होता, फक्त नाव येत नव्हते. बाई नाव सांगत नसत. त्या चित्राभोवती रिकामे चौकोन आखून एकेक विचारत: ही कशासाठी वापरतात, कुठे ठेवतात, कशाची बनते, हिच्यासारखे दुसरे काय असते. मी ‘काप... कापड’ म्हणाले, ‘धार’ म्हणाले, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कापायची खूण केली, मग ‘सुरी’ म्हणाले आणि ती सुरी नाही हे कळून स्वतःवरच चिडले. अकरा मिनिटे गेली. मग बाई अगदी हलक्या आवाजात ‘का...’ एवढेच म्हणाल्या आणि ‘कात्री’ हा शब्द आपसूक बाहेर पडला, इतका सहज की मला फसवल्यासारखे वाटले. शब्द पुसला गेलेला नसतो, त्याच्यापर्यंत जाणारी वाट मोडलेली असते, आणि अर्थाच्या आसपास हिंडत राहिले की दुसरी वाट रुळते, अशी त्या चौकोनांमागची कल्पना आहे. दुसऱ्या दिवशी मी कात्री पुन्हा विसरले. तिसऱ्या दिवशी तिला साडेतीन मिनिटे लागली.

मी आयुष्यभर हिशेबाचे काम केले, त्यामुळे आकड्यांनी दगा दिला हे मला फार लागले. कागदावर मी डाव्या हाताने 4 बरोबर लिहायचे आणि तोंडाने ‘सात’ म्हणायचे. यावर उपाय निघाला तो तोंडपाठ गोष्टींचा. ज्या गोष्टी लहानपणापासून माळेसारख्या घोकलेल्या असतात, म्हणजे अंक, वार, महिने, त्या पुष्कळदा शाबूत राहतात, कारण त्या म्हणताना शब्द एकेक निवडावा लागत नाही. मग ‘चार’ म्हणायचे असेल तर मी ‘एक, दोन, तीन’ असे मनात म्हणत येऊन चारपाशी थांबायचे, ‘गुरुवार’ म्हणायचा असेल तर सोमवारपासून निघायचे. अडचण थांबण्याची असते. माळ एकदा हातातून सुटली की गुरुवार मागे टाकून ती शनिवारपर्यंत जाते.

याच कारणाने गाणेही येते. एकदा घरात कुणी गुणगुणत असताना मी त्यांच्यासोबत अख्खे कडवे शब्दांसकट म्हटले आणि सगळे स्तब्ध झाले. आपली वाचा परत आली असे मलाही घटकाभर वाटले, पण गाणे संपले आणि पुढे पुन्हा ‘म्हणजे’. सुरांचा आधार घेऊन बोलणे शिकवण्याची एक पद्धत 1970च्या दशकात अमेरिकेत तयार झाली आहे. त्यात एखादे वाक्य ठरावीक चढउतारांत गुणगुणायचे, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ताल द्यायचा, आणि हळूहळू सूर काढून घेत वाक्य साध्या बोलण्यावर आणायचे. ‘मला पाणी हवं’ आणि ‘जरा थांबा’ ही दोन वाक्ये मी अशीच मिळवली. मात्र या पद्धतीचा मला मर्यादितच उपयोग झाला, हेही सांगते. जी वाक्ये सुरात घोटली तीच आली, त्यांच्या साच्यात नवे शब्द बसवता आले नाहीत, आणि ‘जरा थांबा’ हे मी अजूनही किंचित गाऊन म्हणते. शिवीगाळही याच आपसूक बोलण्यात मोडते. भेटायला आलेल्या एका दूरच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांना मी जे ऐकवले ते मी जन्मात कधी उच्चारले नव्हते, आणि त्यातला एकही उच्चार चुकला नाही.

नामे येऊ लागली तरी वाक्य येईना. ‘मी... गोळी... रात्री’ असे मी म्हणायचे, आणि गोळी घेतली की घ्यायची आहे हे कुणालाच कळायचे नाही, कारण क्रियापदच गायब. आले तरी ‘मी गेला’, ‘ती आला’ असे. त्याहून विचित्र होते ते ऐकण्यातले. बाई दोन चित्रे समोर ठेवत, एकात आई मुलीला हाक मारते आहे, दुसऱ्यात मुलगी आईला. ‘मुलीने आईला बोलावले’ हे वाक्य ऐकून योग्य चित्र दाखवायचे. आई कळे, मुलगी कळे, बोलावणे कळे, पण ‘ने’ आणि ‘ला’ ही दोन एवढीएवढीशी अक्षरे कानावरून घसरून जात आणि कोणी कोणाला बोलावले ते ठरेना. ‘मुलीने गोळी घेतली’ यात प्रश्नच नव्हता, कारण गोळी मुलीला घेत नाही. तेव्हा लक्षात आले की घरी मला ‘सगळे समजते’ असे जे आम्ही धरून चाललो होतो, ते बरेचसे अंदाजावर चालले होते. वाचतानाही ठळक नामे ओळखू यायची आणि प्रत्यय गळून जायचे, त्यामुळे वर्तमानपत्रात घटना कळायची पण आरोप कोणी कोणावर केला ते नाही. प्रत्ययांना रंग देऊन वाचण्याचा सराव मी वर्षभर केला. ‘ने’ला लाल, ‘ला’ला निळा.

घरातला प्रश्न वेगळाच होता. माझे पती अतिशय मायाळू आणि तितकेच उतावळे. मी शब्दाच्या शोधात तोंड उघडले की ते एकामागून एक शब्द पुढे करायचे: चष्मा? पुस्तक? चादर? पंखा? त्यांचा प्रत्येक शब्द माझ्या हाती येऊ घातलेल्या शब्दाला ढकलून देई, आणि शेवटी मी थकून कशालातरी ‘हो’ म्हणे. असे कितीतरी दिवस नको असलेला पंखा माझ्यावर चालला. बाईंनी आम्हां दोघांच्या गप्पांचे मोबाइलवर चित्रण केले आणि त्यांनाच ते दाखवले. दहा मिनिटांत त्यांनी मला सर्वांत जास्त वेळ दिला होता तो चार सेकंद. त्यांनी ते निमूटपणे पाहिले आणि दुसऱ्यांदा लावायला सांगितले. मग आमच्यात एक ठराव झाला: मी डाव्या हाताची तर्जनी वर करीपर्यंत त्यांनी शब्द पुरवायचा नाही, आणि मी बोट वर केले की मात्र लगेच पुरवायचा. पुष्कळ ठिकाणी सांगतात की रुग्णाला शब्द देऊच नये. मला हे पटत नाही, कारण घरात पाहुणे बसलेले असताना एका शब्दासाठी दोन मिनिटे सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहत राहावे यात कसला आला सन्मान? कधी मदत घ्यायची ते मी ठरवावे, इतकेच माझे म्हणणे होते. ते बोट आले त्या महिन्यात आमची भांडणे निम्म्याने कमी झाली, आणि काही दिवसांतच आम्ही नीट, रीतसर भांडूही लागलो.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस मी सराव सोडून दिला होता. एका तज्ज्ञांनी सहज सांगून टाकले होते की जे यायचे ते सहा महिन्यांत येते, पुढे फारसे काही होत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे, पण त्यातून पुढचे दार बंद होते असा अर्थ मी काढला आणि भिंतीकडे तोंड करून निजू लागले. पक्षाघातानंतर नैराश्य येणे हा आजाराचाच एक भाग असतो आणि ते पुष्कळांना येते. ज्याला बोलता येत नाही त्याचे नैराश्य मात्र ओळखायला उशीर होतो, कारण उदास माणूस गप्प बसतो आणि मी तर आधीच गप्प होते. माझ्या मुलीने ते ओळखले. औषध सुरू झाले, चार महिन्यांनी उतरवतही आणले. त्याच सुमारास बाईंनी मला जर्मनीतल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो 2017 साली प्रसिद्ध झाला, आणि वाचाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ उलटलेल्या रुग्णांना त्यात किमान तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास, असे सघन उपचार दिल्यावर त्यांच्या रोजच्या व्यवहारातल्या बोलण्यात सुधारणा दिसली होती. दुसऱ्या वर्षी मी तसे तीन आठवडे केले. रोज दोन तास, विषय मी निवडलेले: फोन उचलणे, बँकेत आपले नाव आणि काम सांगणे, कुणी मध्येच बोलू लागले तर ‘जरा थांबा’ म्हणणे. चमत्कार झाला नाही. फोन उचलता येऊ लागला.

आज मी नोकरीत नाही. हिशेब तपासू शकते, पण तो कुणाला समजावून सांगू शकत नाही, आणि आमच्या कामात समजावून सांगणे हेच अर्धे काम असते. संध्याकाळी थकल्यावर शब्द लवकर सुटतात, चार माणसे एकदम बोलू लागली की मी बाहेर फेकली जाते, अनोळखी माणसाला मी दारू प्यालेली वाटते. त्यासाठी मी पर्समध्ये एक कार्ड ठेवते: ‘मला पक्षाघातामुळे बोलायला वेळ लागतो, मला समजते, कृपया थांबा.’ हा मजकूर लिहायला साडेसात महिने लागले. मी तुकडे सांगायचे, मुलगी ते जोडून वाचून दाखवायची, आणि वाक्य माझे नसेल तर मी तर्जनी वर न करता नुसती मान हलवायची. मग ते खोडले जायचे. चष्म्याला मी अजूनही पाचातून एकदा ‘किल्ली’ म्हणते. आता मला ते ऐकू येते, आणि पती दोन्ही वस्तू आणून देतात.

गेल्या आठवड्यात उपचारांची पुढची वेळ ठरवण्यासाठी मी स्वतः फोन केला. पती शेजारी बसले होते, बोट खाली होते. नाव सांगितले, काम सांगितले, आणि वार विचारल्यावर गुरुवार गाठण्यासाठी मनात सोमवारपासून निघाले. गुरुवारपाशी थांबायचे राहून गेले. ‘‘शुक्रवार,’’ मी म्हणाले. पलीकडच्या बाईंनी ‘‘शुक्रवार, दुपारी चार,’’ असे लिहून घेतले. चूक मला कळली होती, दुरुस्त करता आली असती, आणि पतींनी भुवई उंचावून माझ्या हाताकडे पाहिलेही. मी बोट वर केले नाही. शुक्रवारी मला तसे दुसरे काही काम नाही.